दारवाल्या बाई

बाई आधी दाराचं विचारायच्या. मुलगी रडत आलेली असो, मुलगा तावातावाने आलेला असो, नाव नाही, वर्ग नाही, पहिला प्रश्न एकच : "दार लावू का उघडंच राहू देऊ?" समोरचा जे म्हणेल ते करायच्या. दार जमिनीला घासायचं, उचलून लावावं लागायचं. बाई ठेंगण्या आणि गुडघ्याने अधू, पण ते दार दुसऱ्या कुणाला लावू देत नसत. म्हणून कॉलेजात त्यांचं नावच पडलं दारवाल्या बाई.

त्यांच्याबद्दल लिहायला मला कुणी सांगितलेलं नाही. रागाने लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते. शहाद्याकडच्या त्या कॉलेजचं नाव लिहिणार नाही, ज्यांच्यावर राग आहे त्या सरांचंही नाही. नाव न लिहिण्याची सवय बाईंनीच लावली आहे. पण ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि कळावंच.

'विद्यार्थी समुपदेशन व साहाय्य कक्ष' अशी मोठी पाटी होती. खोली मात्र जिमखान्याची जुनी अडगळ, कोपऱ्यात फाटकी व्हॉलीबॉलची जाळी अजून पडलेली. दोन खुर्च्या, एक टेबल, टेबलावर काचेची बरणी. बाई म्हसावदच्या. नेमणूक अकरा महिन्यांची, दर वर्षी नवी ऑर्डर. पाटी कायमची आणि बाई तात्पुरत्या, असं ते साहाय्य होतं.

बरणीत चिंचोके होते. कुणी बोलून गेलं, की बाई एक चिंचोका बरणीत टाकायच्या. त्यांची सगळी नोंद ती एवढीच. त्या वेळचे उपप्राचार्य, ज्यांना आम्ही फायलीवाले सर म्हणायचो, एकदा तणतणत आले. त्यांना नाव, वर्ग, समस्या, उपाय अशा रकान्यांचं रजिस्टर हवं होतं. बाईंनी बरणी उचलून त्यांच्या हातात दिली. "वर्षभरात एवढी मुलं आली सर. हवं तर मोजून घ्या." सर बरणी धरून व्हरांड्यात उभे राहिले आणि मुलं खांबाआड तोंड दाबून हसत होती. ते हसू सर विसरले नाहीत.

दुसरी सवय याहून चमत्कारिक. वसतिगृहाच्या रेक्टर बाईंनी एकदा सहज विचारलं, "ती अमुक मुलगी येते का हो तुमच्याकडे?" ती मुलगी माझ्याच खोलीतली, तिकडे कधी गेलेलीच नव्हती. तरी बाई म्हणाल्या, "या खोलीत कोण आलं, कोण नाही, ते मी सांगत नसते." मी नंतर म्हटलं, नाही म्हणायला काय हरकत होती? त्यावर बाईंनी समजावलं, आज 'नाही' सांगितलं, तर उद्या मी गप्प बसले की लोक 'हो' समजतील. म्हणून 'हो' आणि 'नाही', दोन्ही सांगायचं नाही. तेव्हा मला ते फाजील वाटलं होतं.

मी त्यांच्याकडे गेले ती मुकी होऊन. नवापूरच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीला लागून आमचं गाव. घरात कोकणी, म्हणजे आमची कोकणा आदिवासींची बोली, चर्चमध्ये थोडी मराठी, शाळेत पुस्तकातली. पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक माझं उत्तर ऐकून हसले, शेजारच्या सरांना म्हणाले, "ही कुठली भाषा?" उत्तर बरोबर होतं. पण त्या दिवसापासून वर्गात माझ्या तोंडातून शब्द निघेना. हजेरीलाही हात वर करायचे. जेवण कमी झालं. मैत्रिणीने हाताला धरून बाईंच्या दारात नेऊन सोडलं.

मी म्हटलं, लावा. बाईंनी दार उचलून लावलं आणि समोर बसल्या. मी मराठी शब्द शोधत राहिले. मग त्या आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "तुन्ही घरनी बोलीमा बोल. माले नही समजनं तरी चालस. तुले समजस ना, मंग बस." आणि मी तासभर कोकणीत बोलले. बाईंना एक अक्षर कळत नव्हतं. मध्येच 'हां' नाही, मान हलवणं नाही, नुसतं बघत होत्या. महिनाभर असंच चाललं. एके दिवशी माझ्याही नकळत मी मराठीत आले, तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, "आते माले बी समजी ऱ्हायनं." मग आम्ही दोघी हसलो. जेवणही पुन्हा सुरू झालं.

तेवढ्यात तपासणी समिती येणार म्हणून कॉलेज रंगवायला काढलं. समितीला प्रत्येक कामाचा पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे जिओटॅग फोटो. कोपऱ्यात तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश. झाड लावलं, फोटो. व्याख्यान झालं, फोटो. फायलीवाल्या सरांना समुपदेशनाचाही फोटो हवा होता. बाईंनी रिकाम्या खुर्चीचा काढून दिला. "खुर्ची आहे, मी आहे, मूल दाखवणार नाही," म्हणाल्या. सरांनी तो परत केला.

दोन दिवसांनी मी आत बसले होते, दार लावलेलं होतं. उकडत होतं म्हणून मागची खिडकी उघडी होती. त्या दिवशी मला घरच्या आठवणीने रडू आलं होतं, दुसरं काही नव्हतं. सरांनी खिडकीतून फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो कॉलेजच्या ग्रुपवर होता, खाली ओळ : 'मानसिक समस्याग्रस्त आदिवासी विद्यार्थिनीचे समुपदेशन करताना'. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात त्याचं फ्लेक्सही लागलं. माझं तोंड हातभर मोठं, नाक लाल, आणि कोपऱ्यात अक्षांश-रेखांश.

ग्रुपवरून फोटो गावात पोचला. चर्चच्या अंगणात लोक वडिलांना विचारू लागले, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला का. वडील सकाळच्या एसटीने आले, माझी पेटी उचलली आणि मला घेऊन गेले.  परीक्षा तीन आठवड्यांवर होती, ती गेलीच. पुन्हा कॉलेज दिसेल असं वाटत नव्हतं. घरात मला कुणी विळा हातात घेऊ देत नव्हतं, काकू धाकट्या भावंडांना माझ्याजवळ झोपू देत नव्हती. हे सगळं एका फोटोने केलं, आणि तो फोटो काढणाऱ्याला त्या महिन्यात समितीसमोर शाल-श्रीफळ मिळालं.

बाई आमच्या गावी आल्या. नवापूरपर्यंत एसटी, पुढे जीप, आणि चढावर तो गुडघा घेऊन पायी. अंगणात बसल्या, पाणी प्यायल्या, आणि वडिलांपुढे हात जोडले. "दार मी लायेल व्हतं भाऊ, खिडकी ऱ्हायी गई. चूक मन्ही शे, तुमनी पोरनी नही." माझ्या वडिलांपुढे कॉलेजातल्या कुणी माणसाने हात जोडलेले मी पहिल्यांदा पाहिले. ते उठले आणि काकूला म्हणाले, हिची पेटी भर. वर्ष वाया गेलं, पण मी परतले.

परतल्यावर पाहते तर फ्लेक्स जागेवर नव्हतं. बाईंनी स्वतः स्टुलावर चढून, भर सुट्टीत, सगळ्यांसमोर ते फाडून काढलं होतं. त्यानंतरची ऑर्डर निघाली नाही. कारण लिहिलं होतं, 'अभिलेख असमाधानकारक'. शेवटच्या दिवशी बाईंनी मला बरणी दिली. मी म्हटलं, मला सरांचा फार राग येतो. त्या म्हणाल्या, "येस ना? येऊ दे. पन त्याले घर बांधी नको दिऊ." बाकी सगळ्या बाबतींत मी बाईंचं ऐकलं. ह्या एका बाबतीत रागाला मी चांगलं पक्कं स्लॅबचं घर बांधून दिलं.

पुढे मी समाजकार्याची पदवी घेतली, समुपदेशनाचा अभ्यासक्रम केला, आणि अर्ज केला तो त्याच कॉलेजात. लोक म्हणतात, केवढी कृतज्ञता! कसली कृतज्ञता? मी सरांसाठी गेले. ते आता प्राचार्य झाले आहेत आणि त्यांनी मला ओळखलंही नाही. ज्या तोंडाचं त्यांनी हातभर फ्लेक्स केलं, ते त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं. याचा राग मला फ्लेक्सपेक्षा जास्त आला.

मुलं येतात, मी आधी दाराचं विचारते, चिंचोका टाकते. खिडकीला पहिल्याच आठवड्यात जाड पडदा शिवून घेतला. यंदा पुन्हा समिती येणार होती. सरांनी बोलावलं, "मॅडम, समुपदेशनाचे जिओटॅग फोटो लागतील." मी अगदी नम्रपणे म्हटलं, "विद्यार्थ्याचा नको सर, तक्रार होते. तुम्हीच बसता का दोन मिनिटं? नमुना म्हणून." सरांना फोटोत असणं आवडतं. आले, भांग पाडला, त्या खुर्चीत बसले. मी म्हटलं, "थोडं पुढे वाका सर. खाली बघा. खरं वाटलं पाहिजे." क्लार्कने फोटो काढला, आणि सरांच्याच हुकुमाने ग्रुपवर टाकला. खालची ओळ मी दिली : 'समुपदेशन कक्षात समुपदेशन घेताना'.

तापीकाठच्या त्यांच्या गावात तो दुपारपर्यंत पोचला. केळीच्या मळ्यातून भावाचा फोन आला, "भाऊ, काय व्हयनं तुले?" सुरतहून बहीण रडत बोलली. सरांच्या मुलीची सोयरीक जुळत आली होती, मुलाकडच्या कुणी तरी हळूच चौकशी केली, घराण्यात काही आहे का. सर सगळ्यांना सांगत सुटले, की फोटोपुरता बसलो होतो. जितकं सांगत गेले तितका लोकांचा संशय वाढला. सोयरीक ठरवणारे गृहस्थ शेवटी माझ्याकडेच आले आणि सर मागोमाग. "तूच सांग यांना, बेटा," सर म्हणाले. मला त्यांनी पहिल्यांदा बेटा म्हटलं. 

एका शब्दाचं काम होतं. बरणीत त्यांचा चिंचोका नव्हता, हे मला पक्कं माहीत होतं. मी हात जोडून म्हटलं, "या खोलीत कोण आलं, कोण नाही, ते मी सांगत नसते. नियम आहे." गृहस्थांनी मान डोलावली, काय समजायचं ते समजले आणि निघून गेले. सर दारात तसेच उभे होते. मग मी त्यांना सांगितलं, मी कोण ते. इतक्या वर्षांत मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

त्या रविवारी मी बाईंना फोन लावला. त्या आता म्हसावदला असतात, गुडघे पार गेले आहेत, तरी गावातल्या मुली ओट्यावर येऊन बसतात. मी सगळं सांगितलं. भांग पाडल्याचं ऐकून बाई इतक्या हसल्या, की खोकला लागला. मग शांत झाल्या आणि विचारलं, "ती पोर कितली मोठी शे?"

मी म्हटलं, कोण पोर?

"जिनी सोयरीक शे ती."

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

"सांगी टाक त्या मानूसले," बाई म्हणाल्या. "आजच."

मी म्हटलं, "बाई, नियम तुमचाच आहे."

"मन्हाच शे. आनि मीच सांगस, सांगी टाक."

मी हो म्हटलं. बाईंना नाही म्हणायचं मला अजून जमत नाही. फोन ठेवला त्याला आज नऊ दिवस झाले. गृहस्थांचा नंबर क्लार्ककडून घेतला आहे, कागदावर लिहून बरणीखाली ठेवला आहे. सर रोज माझ्या दारावरून जातात आणि आत बघतात.

मी अजून सांगितलेलं नाही.