दादा आधी पडायला शिकवायचा

माणूस गेल्यावर घरात काय काय साठतं, मला माहीत नव्हतं. चपात्यांचे डबे साठतात, केळी साठतात आणि किस्से साठतात. डबे परत जातात, केळी काळी पडतात. किस्से मात्र वाढतच राहतात!

दादाला जाऊन चाळीस दिवस झाले. शारजातल्या हमरिया बंदराजवळच्या यार्डात वेल्डिंग करता करता छातीत दुखलं आणि दुपारच्या आत माझा मोठा भाऊ खलास. तेव्हापासून दुबईजवळ अजमानला असलेल्या आमच्या फ्लॅटमध्ये जो येतो तो पाच मिनिटं खाली मान घालून बसतो. मग हळूच म्हणतो, "एकदा काय झालं..." आणि सगळी खोली हसायला लागते. मग सगळ्यांना वहिनी दिसते आणि खोली गप्प होते. तेव्हा वहिनीच म्हणते, "हा राहू दे, तो दुसरा सांगा. त्यात जास्त मजा आहे!"

दादाने आयुष्यभर दोनच कामं केली, वेल्डिंग आणि कराटे. दर शनिवारी चार वाजता एका ग्रोसरीच्या दुकानावरच्या हॉलमध्ये तो तीस पोरांना शिकवायचा. आता त्या क्लासचं काय, हा प्रश्न माझ्या गळ्यात आला. मी फोर्कलिफ्ट चालवतो. नववीत शाळा सोडली. कराटेत ब्राऊन बेल्टवर अडकलोय, कारण ब्लॅक बेल्टच्या परीक्षेत दादाने मला दोनदा नापास केलं. वहिनी म्हणाली, "सुऱ्या, तू ठरव." मी ठरवलं. शनिवारी हॉलवर जायचं, पालकांना सांगायचं, क्लास बंद. त्या शनिवारचं शेवटी सांगतो. आधी दादाचं ऐका.

*

दादाला कराटे शिकवलं एका एसटी कंडक्टरने. आमच्या गावात त्याची वस्तीची गाडी असायची. सकाळी गाडी सुटायच्या आधी तासभर तो पोरांना घ्यायचा. गावात सपाट जागा कुठली? शाळेचं मैदानसुद्धा उतारावर! म्हणून दादा एकटा भाताच्या बांधावर सराव करायचा. बांध एक हात रुंद, दोन्ही बाजूंना गुडघाभर चिखल.

पहिली मोठी परीक्षा रत्नागिरीला झाली. कराटेत लढाईच्या चालींची एक ठरलेली मालिका असते, तिला काता म्हणतात. दादाने काता केला. परीक्षक म्हणाले, "ताकद आहे, वेग आहे. पण पाय एवढे जवळ का? पसर की जरा!"

दादा म्हणाला, "नको सर, चिखल आहे."

परीक्षकांनी खाली बघितलं. खाली चकचकीत फरशी होती!

*

दुबईत आला तेव्हा दादा कंपनीच्या कॅम्पमध्ये राहायचा. एका खोलीत आठ जण, पलंगावर पलंग. मधल्या बोळात दादाचा सराव. वरच्या पलंगावरचा बिहारी मिश्राजी रोज सकाळी पांघरुणातून तोंड काढून विचारायचा, "भाई, नौकरी करने आया है कि पिक्चर में काम करने?"

एक दिवस शेजारच्या खोलीवाल्यांना वाटलं, आत मारामारी चाललीय. त्यांनी सिक्युरिटीला बोलावलं. नेपाळी गार्ड धावत आला, दार ढकललं, दादाला वरपासून खालपर्यंत बघितलं. मिश्राजी खूश! आता हा लाथा मारणारा जाणार, आपल्याला झोप मिळणार.

गार्डने टोपी काढून पलंगावर ठेवली. "पीछे वाला पैर गलत है," तो म्हणाला आणि दादाच्या शेजारी उभा राहिला.

दुसऱ्या दिवसापासून बोळात दोघं! मिश्राजीने खोली बदलून घेतली.

*

आमच्या क्लासमध्ये खानभाईचा मुलगा आला. खानभाई टॅक्सी चालवतो, पेशावरचा. कराटेत सुरुवातीला आणि शेवटी कमरेत वाकून नमस्कार करतात. खानभाई बाजूला येऊन हळू आवाजात म्हणाला, "उस्ताद, हम सिर्फ अल्लाह के आगे झुकते हैं."

दादा म्हणाला, "कोई बात नहीं, हबीबी. बच्चा सीने पे हाथ रखेगा."

झालं! पोरांना ती स्टाईल एवढी आवडली की पुढच्या शनिवारी तीसच्या तीस पोरं छातीवर हात ठेवून उभी. देशपांडे, पाटील, नायर, सगळे!

त्यानंतर बेल्टची परीक्षा होती. एक म्हातारे जपानी परीक्षक आले. पोरांनी एकदम छातीवर हात ठेवले. परीक्षक चपापले. त्यांनी भिंतीवर झेंडा शोधला. सापडला नाही. मग तेही ताठ उभे राहिले आणि छातीवर हात ठेवला. ते बघून पालक खुर्च्यांवरून उठले. दादाची हिंमत होईना हात काढायची.

हॉलमध्ये दोन मिनिटं शांतता. कुठल्या देशाचं राष्ट्रगीत झालं, ते अजून कुणाला कळलेलं नाही!

*

जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका साहेबांनी दादाला मुलासाठी घरी बोलावलं. पुण्याचे साहेब, छत्तिसाव्या मजल्यावर फ्लॅट. पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, ब्लॅक बेल्टला किती महिने? म्हणजे टाइमलाइन काय?"

दादा म्हणाला, "आधी पडायला शिकू."

"पडायला? ते तर सगळ्यांनाच येतं!"

"मग पडून दाखवा."

साहेब पडले. चार दिवस मान वळेना. पाचव्या दिवशी मुलाच्या शेजारी कार्पेटवर स्वतः उभे! दोन महिने बापलेक नुसते पडत होते. मुलगा आईला सांगायचा, "Mumma, Baba falls better than me!"

ऑफिसात कुणीतरी साहेबांच्या कोपराचं खरचटणं बघून विचारलं, काय झालं? साहेब अभिमानाने म्हणाले, "क्लास लावलाय. पडायचा."

परवा भेटायला आले तेव्हा साहेब सोफ्यावर बसलेच नाहीत. खाली जमिनीवर बसले. जाताना मला एवढंच म्हणाले, "गेल्या वर्षी माझी नोकरी गेली होती. घरी कुणाला सांगितलं नव्हतं. सरांना सांगितलं होतं."

*

दादाने बायकांसाठीही एक बॅच काढली होती. शारजाच्या एका क्लिनिकमधल्या सिस्टर होत्या, दोन शिक्षिका होत्या. एका सिस्टरने विचारलं, "सर, कुणी मनगट धरलं तर?"

दादा खुलला. मला पुढे बोलावलं, माझ्या हातात स्वतःचं मनगट दिलं आणि वीस मिनिटं समजावलं. आधी कोपर असा, मग खांदा तसा, मग वजन मागच्या पायावर. मला सहा वेळा आपटलं. सगळ्या बायका वहीत लिहून घेत होत्या.

वहिनी कोपऱ्यात पोरांचे ड्रेस शिवत बसली होती. दोरा तोडता तोडता म्हणाली, "अहो, चावायचं ना सरळ!"

मग त्या सिस्टरने वहीतलं सगळं पान खोडलं आणि एकच शब्द लिहिला!

पुढच्या बॅचपासून दादा पहिल्या धड्यात तेच शिकवायचा. वर सांगायचा, "ही फार जुनी चाल आहे. आमच्या घराण्यातली."

*

आता माझं. पहिल्या परीक्षेत दादाने "सुरू" म्हणायच्या आधीच मी ठोसा मारला. समोरचा बिचारा अजून बेल्ट बांधत होता! दुसऱ्या परीक्षेत मी थांबलो, बरोबर वेळेवर सुरू केलं, झकास लढलो. पण दादा "बस" म्हणाला ते मला ऐकूच आलं नाही. तिघांनी धरलं तेव्हा थांबलो.

दादा म्हणाला, "सुरुवात तुला कळत नाही, शेवट तुला कळत नाही. मधलं एकदम फर्स्टक्लास आहे!"

मी भडकलो. "सख्ख्या भावाला दोनदा नापास करतोस?"

"सख्खा आहेस म्हणून दोनदाच केलं."

दोन आठवडे मी त्याच्याशी बोललो नाही. एकाच घरात, एकाच ताटलीतली भजी खात. तोही हट्टी. वहिनीला सांगायचा, "त्याला विचार, चटणी पाहिजे का." वहिनी म्हणायची, "तो तुमच्या समोर बसलाय!"

तिसरी परीक्षा व्हायची राहिली. ती आता कोण घेणार?

*

तर तो शनिवार. मी कामाचेच बूट घालून हॉलवर गेलो. पोरं रांगेत उभी होती, पालक भिंतीला टेकून. काय बोलायचं ते रस्ताभर घोकलं होतं. तोंड उघडलं आणि तेवढ्यात एक अनोळखी माणूस आत आला. साताऱ्याचा होता, क्रेन ऑपरेटर. हाताला पाच वर्षांची मुलगी.

"नवीन ॲडमिशन," तो म्हणाला. "सर कोण?"

त्याला काही माहीतच नव्हतं. मी म्हणालो, "भाऊ, क्लास..."

मुलगी पुढे आली आणि तिने माझ्या पोटात गुद्दा मारला.

"स्वरा!" बाप ओरडला.

मी खाली बसलो. तिची मूठ हातात घेतली. अंगठा आत दाबला होता. तो बाहेर काढला, बोटांवर आडवा ठेवला.

"आत ठेवलास तर मोडेल," मी म्हणालो. "आता मार."

"Like this?"

"हं. जोरात."

तिने मारलं. चांगलं लागलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग बापाकडे वळली.

"Baba, he's crying. Did I win?"

"अजून नाही," मी म्हणालो. "डावा हात राहिलाय."