भांडे लय, जेवते कोणीच नाही

साखरखेर्ड्याच्या बसस्टँडवर मी पत्रकं वाटत होते. कॉलेजच्या पोरींसाठी संध्याकाळची एसटी पाहिजे, या मागणीची. तेवढ्यात प्रणिताच्या भावाचा फोन आला. "ताई, आपली प्रणिता गेली." डेंग्यू झाला होता, दवाखान्यात ठेवल्याचं मला माहीत होतं, पण आमच्याकडे हा ताप घरोघरी येऊन जातो, तो माणूस घेऊन जाईल असं कोणाच्या मनातही नव्हतं. अशा वेळी पायाखालची जमीन सरकली, असं लिहायची पद्धत आहे. माझी काही सरकली नाही. मला तिचा राग आला. इथेही माझ्या पुढे गेलीस का बाई... आता महिना होऊन गेला, तरी तो राग उतरत नाही, म्हणून लिहायला बसले.

प्रणिता अमडापूरची. घरी वांगी, मेथी, रब्बीत हरभरा. तालुक्याच्या कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. पुरातत्त्वाची ओळख करून देणारं आमचं पुस्तक तो विषय शिकवणाऱ्या सरांनीच लिहिलेलं, तांबड्या पुठ्ठ्याचं, म्हणून सगळे त्याला 'तांबडं' म्हणत. सरांची एक रीत होती. परीक्षेआधीचा एक तास ते पुस्तकासाठी ठेवत. एकेकाने फळ्यापुढे यायचं आणि तांबड्याबद्दलचं मत लेखकाच्या तोंडावर सांगायचं. सर तेवढा वेळ मागच्या बाकावर बसत, आणि मागच्या बाकावरच्या माणसाने तोंड उघडायचं नाही, हा नियम. ज्या मास्तरांना वर्गात साधी शंका विचारलेली खपत नाही, त्यांनी हे दोनदा वाचावं.

पोरांनी सरांना सोडलं नाही. एकाने सांगितलं, फोटो इतके काळे आलेत की खापर कोणतं आणि ढेकूळ कोणतं ते ओळखू येत नाही. एकीला भाषा कोर्टाच्या नोटिशीसारखी वाटली. एकाची तक्रार अशी की मातीच्या थरांवर एवढी पानं कशाला, पेपरात तर एकच प्रश्न येतो. मग माझी पाळी आली. मी चांगली तीन पानं लिहून नेली होती. राजांची नाणी आहेत, राजांचे शिलालेख आहेत, राबणाऱ्यांचा इतिहास कुठे पुरलात, असा जाबच विचारला. टाळ्या पडल्या, कोणीतरी शिट्टीही मारली. मी जागेवर येऊन बसले ती जिंकूनच.

माझ्यानंतर प्रणिता. ती नेहमी मागच्या बाकावर बसायची, कारण अमडापूरची बस उशिरा यायची आणि तेवढीच जागा उरायची. ओढणीच्या टोकात हरभऱ्याचे घाटे बांधून आणायची आणि तासभर सोलत राहायची. त्या दिवशी सर शेजारी बसल्यावरही तिचं सोलणं थांबलं नव्हतं. सर समोर बघत मुकाट्याने तळहात पुढे करत, ही त्यावर चार दाणे ठेवी. पाळी आली तेव्हा तिने हात झटकले आणि फळ्यापर्यंतही न जाता उभ्या जागेवरून म्हणाली, "सर, तुमच्या पुस्तकात भांडे लय हायेत. पण जेवते कोणीच नाही."

बसली. एक टाळी पडली नाही. वर्गाला काही कळलंच नव्हतं. मी मात्र वळून पाहिलं. सरांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला होता, आणि कितीतरी वेळ तो परत घातला नाही. माझ्या तीन पानांना तो नाकावरून हललाही नव्हता.

पुढच्या वर्षी तांबड्याची नवी आवृत्ती आली. खापरांचा धडा मुळापासून बदललेला. सुरुवातीलाच गावाबाहेरच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या मोडलेल्या वस्तीच्या, टेकाडावरचं एक घर, चूल, बुडाला काजळी धरलेलं मडकं, जेवायला बसलेली माणसं, आणि भांड्यात उरलंय ते पुरेल का बघणारी बाई. खापरांचे प्रकार वगैरे त्यानंतर. माझ्या राबणाऱ्यांना एक तळटीप मिळाली. मी पुस्तक घेऊन प्रणिताकडे गेले आणि सरळ विचारलं, "तुले हे सुचलंच कसं वं?"

"भूक लागली होती मले," ती म्हणाली. "सकाळच्या घाईत डबा घरीच राह्यला होता."

मी म्हटलं, मी एवढं जागून लिहिलं, मला का नाही सुचलं?

"मंग तू जेवून आली असशीन."

हे ती हसत बोलली, आणि पुन्हा घाटे सोलायला लागली. मी त्यानंतर कितीतरी पत्रकं लिहिली. मोर्चे काढले, निवेदनं दिली. दर वेळी लिहून झालं की तिचं ते वाक्य आठवायचं आणि लिहिलेलं सगळं पाणचट वाटायचं. शोकसभेतही तेच. मी तयारी करून बोलले, लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग सर उठले, तिचं तेवढं एक वाक्य सांगितलं, खाली बसले... आणि सभा रडली. खोटं कशाला सांगू, मला तेव्हाही पोटात दुखलं.

त्या सभेनंतर सरांनी मला थांबवलं. तांबडं पुन्हा छापायला जाणार होतं. "नव्या पोरांले तो धडा रेंगाळतो म्हणे," ते म्हणाले. "नको म्हटलं त्यांनी, तर जेवणाचं पान काढीन. नियम सगळ्यांले सारखा." मी भडकले. ती गेली त्याला पंधरवडा झाला नाही अन् तुम्ही तिचं पान काढायला निघालात? सर एवढंच म्हणाले, "पुस्तकाच्या तासाले ये. पण मागं बसाव लागीन."

गेल्या आठवड्यात गेले. बसले तिच्याच जागेवर, सरांच्या शेजारी. तिसरी-चौथी पोरगी उठली ती थेट त्याच पानावर आली. हे पुरातत्त्वाचं पुस्तक आहे की पाककृतीचं, म्हणाली. वर्गात हशा फुटला. हेच कोणीतरी म्हणावं म्हणून मी वर्षानुवर्षं वाट पाहिली होती, आणि आता म्हटलं गेलं तर माझे कान तापले. उठणार तोच सरांनी बाकावर बोट वाजवलं. नियम. बसले दात आवळून. मग एक पोरगा उठून सांगायला लागला की आख्ख्या पुस्तकात त्याला तेवढंच पान न घोकता लक्षात राहिलं. त्यावर दुसरी उठली, तिसरा उठला. कोणाचं म्हणणं, त्या बाईने काय शिजवलं ते सरांना कसं माहीत? कोणाचं म्हणणं, मडक्याला काजळी आहे ना, मग काहीतरी शिजलंच असेल की. आपण कोणाशी भांडतोय, हे त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

सर नियम मोडून माझ्या कानाशी पुटपुटले, "भांडण होऊन राह्यलं. म्हणजे पान राहीन."

माझ्या पत्रकांवरून आजपर्यंत कोणी भांडलेलं नाही. घेतात, घडी घालतात, खिशात टाकतात. ही मेली, तरी पोरं हिच्याशी वाद घालायला उभी राहतात...

वाद रंगला होता. सर समोर बघत ऐकत होते, आणि ऐकता ऐकता त्यांनी माझ्याकडे न पाहता तळहात पुढे केला. उघडा, दाण्यांसाठी. तो बराच वेळ तसाच राहिला. माझ्या पिशवीत फक्त पत्रकं होती.