बशीच्या कडेची पानं

माझी पाच वर्षांची मुलगी, सई, पोह्यांतले मटार वेचून बाजूला ठेवते. "एक खाऊन तर बघ, काही होत नाही," असं मी तिला इतक्यांदा म्हटलंय की आता ते तिच्या कानात शिरतच नाही. म्हणून या रविवारी तिलाच ओट्याशी स्टुलावर उभं केलं. तिने मटार सोलले, कढीपत्त्याची पानं काडीवरून काढली आणि वाटीभर पाण्यात एकेक पान धुतलं, बाहुलीला आंघोळ घालावी तसं. एवढ्याशा कामाला वीस मिनिटं लागली. मला सपाटून भूक लागली होती.

पोहे झाले. मटार मुकाट्याने तिच्या पोटात गेले. आपला हात लागलेलं अन्न परकं वाटत नसावं, असं काहीतरी मनात येऊन मी स्वतःवरच खूश झालो.

तेवढ्यात ती म्हणाली, "बाबा, ती पानं मी धुतली होती."

माझ्या बशीच्या कडेला कढीपत्ता ओळीने मांडलेला होता. तो मी कधी काढून ठेवला, मलाच कळलं नव्हतं. माझे वडीलही असाच काढायचे, अगदी अशीच ओळ. त्यांनी ते मला कधी शिकवलं नाही. मी फक्त त्यांच्या शेजारी बसून जेवत मोठा झालो.

एक पान तोंडात टाकलं. किंचित कडवट, पण वास सुरेख. सई माझ्या जबड्याकडे बघत होती. मी गिळल्यावर म्हणाली, "बघ, झालं का काही?"

आणि उरलेली पानं तिने बोटाने माझ्याकडे सरकवली.