इंजिन नसलेली गाडी आणि चार लिंबं

मंडळी, सकाळपासून डोकं चालत नाहीये, म्हणून इथे लिहितोय.

काल अर्विंग शहरातल्या आमच्या घरी, गराजमध्ये, जुन्या मसल कारची, म्हणजे दणकट, वेगवान गाडीची, पूजा केली. चाकांपुढे लिंबं ठेवल्यावर आठवलं की इंजिन तर रिपेअरसाठी बाहेर काढलंय. गाडी लिंबांवरून नेणार कशी? तशीच ठेवली.

आज सकाळी बायको म्हणाली, "लिंबं चिरडलीस? मला बोलवायचंस ना."

मी हातही लावला नव्हता. गाडी होती तिथेच, हँडब्रेक ओढलेला.

खाली वाकलो. चारही लिंबं चपटी. एक बी टायरच्या खाचेत अडकलेली, पार वरच्या बाजूला.

म्हणजे चाक फिरलं होतं.

शनिवारी इंजिन बसवायचंय. इंजिनाशिवाय जाऊन येणाऱ्या गाडीत तुम्ही इंजिन बसवाल?