खाजकुयलीचं सत्र

मुलांना जंगल दाखवायचं तर आता शिक्षकांना प्रमाणपत्र लागतं. म्हणून आम्ही चाळीस जण तीन दिवस एका सभागृहात बसलो होतो. स्लाइड नीट दिसाव्यात म्हणून खिडक्यांचे पडदे ओढलेले. हाकेच्या अंतरावर खरं जंगल उभं होतं, पण वेळापत्रकात त्याला जागाच नव्हती. खाजकुयलीवर वेगळं सत्र झालं. चाचणीत मला पैकीच्या पैकी गुण मिळाले.

शेवटच्या दिवशी एकदाचे बाहेर पडलो, तेही ग्रुप फोटोसाठी. बॅनर बांधायच्या झाडावर एक वेल चढला होता, त्याला सोनेरी लव असलेल्या शेंगा लटकत होत्या. "किती मऊ, अगदी मखमल!" म्हणत मीच तो बाजूला सारला. पाच मिनिटांत मी कोपरापर्यंत खाजवत होते आणि शेंगांवरून उडालेल्या कुसांमुळे फोटोसाठी उभी असलेली पहिली रांगही.

"हे आपण चौथ्या सत्रात घेतलंय, मॅडम," प्रशिक्षक स्वतःची मान खाजवत म्हणाले.

चहा देणाऱ्या सखूबाईंनी डोक्याला हात लावला आणि खाजेवर चोळायला शेण आणायला पळाल्या.

चिडायचं तरी कुणावर? स्लाइडवरची शेंग वहीएवढी होती, स्वच्छ होती आणि खाजत नव्हती. वर्गात मीही हेच करते. आधी पडदे ओढते, मग मुलांना जग दाखवते.

प्रमाणपत्र शेणाच्या हातानंच घेतलं. त्यावर माझा अंगठा उमटलाय. सह्या-शिक्क्यांच्या गर्दीत तेवढाच एक पुरावा आहे, मी जंगलात गेल्याचा.