पंपाची नळी
ओल्या रबराचा वास आला की मला वाळवंटातल्या डिमोना शहरातलं आमचं स्वयंपाकघर आठवतं. एलातच्या समुद्रातले मासे पाळायला मी तिथे काचेची टाकी मांडली होती. तळाशी भोकांची जाळी, तिच्यावर वाळू. पंपाने हवा सोडली की पाणी वाळूतून फिरून साफ होणार, असा बेत मी आईला समजावला. ती एवढंच म्हणाली, "प्लग एकच आहे रे. शब्बाथला जेवण गरम ठेवायचा प्लाटा कुठे लावू?" "यिहये बेसेदेर," म्हणजे होईल सगळं ठीक, असं हिब्रूत म्हणून मी विषय संपवला. आमच्यात शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावले की शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ, तोवर विजेच्या प्लगला हात लावायचा नाही. त्या शुक्रवारी मी मित्राकडे राहिलो. शनिवारी दुपारी परतलो, तर आई स्टुलावर बसून पंपाची नळी तोंडात धरून टाकीत हवा फुंकत होती. "सवयीने पंप काढून प्लाटा लावला," ती धापा टाकत म्हणाली, "दिवे लावल्यावर ध्यानात आलं. मग प्लगला हात कसा लावणार? मासे जिवंत आहेत, बघ." मी वाकून मासेच बघितले. आता माझ्या घरात भिंतीभिंतीला प्लग आहेत, पण शुक्रवारी प्लाटा लावताना मला मासे आठवत नाहीत. आठवतात ते आईचे सुजलेले ओठ, जे मी तेव्हा मासे बघून झाल्यावर पाहिले.