भिंतीपलीकडची हजेरी

"पाय मळल्याबिगर डोकं उजळत न्हाई." आनंदराज हे दिवसातून एकदा तरी म्हणायचाच. लेक चपला घालायला लागली की म्हणायचा, वाटेत दमली की म्हणायचा, आणि कुणी टोमणा मारला तर त्यालाही हेच ऐकवायचा.

बिलोली तालुक्यात, मांजरा नदीच्या अलीकडं त्याचं गाव. तरुणपणी तो लातूरला एका शिकवणी वर्गात गणित शिकवायचा. ताटावरही पुस्तक न मिटणारी, घरचा फोन आला की कोपऱ्यात तोंड करून रडणारी लेकरं त्यानं तिथं पाहिली. आपली लुंबिनी असल्या घाण्याला जुंपायची नाही, अशी मनाशी गाठ बांधूनच तो गावी परतला. दुसरीत शिकणाऱ्या पोरीचं नाव त्यानं शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायला घेतलं. घर चालायचं ते बायकोच्या, रूपालीच्या अंगणवाडीच्या मानधनावर आणि थोड्याशा सोयाबीनवर.

नाव काढलं त्या दिवशी त्याची आई कोंडाबाई जेवली नाही. लहानपणी शाळेच्या ओट्याखाली उन्हात बसून आतले पाढे ऐकत ती शिकली होती. आत बस, असं तिला कुणी म्हटलं नव्हतं.

"आमाला भायेर बसवलं लोकानं," ती म्हणाली. "माझ्या नातीला भायेर बसवलं तिच्या बापानं."

आनंदराज हसला होता. "माय, ते दार येगळं अन् हे येगळं."

पावसाळाभर विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन चालायचं. वाचायला लुंबिनी बसायची. तिचा स्वच्छ आवाज ऐकून बायका म्हणायच्या, आनंदराजनं पोरगी घडवली बरं का. त्याची छाती फुगायची. आश्विन पौर्णिमेला समारोपाची खीर वाटली, की दुसऱ्या सकाळपासून बापलेकीची भटकंती सुरू व्हायची.

ते दिवसच तसे. सोयाबीन निघून रानं मोकळी झालेली, तुरीवर पिवळा फुलोरा, बांधावरच्या सीताफळांचे डोळे उघडलेले. नदीच्या उभ्या काठावर मातीचे थर दाखवत तो तिला पुरांच्या गोष्टी सांगायचा. बाभळीची सावली मोजून झाडाची उंची काढायला लावायचा. कधी होट्टलच्या जुन्या देवळाचे कोरीव खांब, एकदा तर पार हिमायतनगरच्या पुढं सहस्रकुंडाचा धबधबा. तिथल्या तुषारांत भिजलेली हसरी लुंबिनी त्याच्या डोळ्यांपुढून कधी हलली नाही. आपण लेकराला सगळं दिलं, असं त्याला त्या दिवशी वाटलं होतं.

शेजारच्या रानातला संगप्पा रोज वाट अडवायचा. "काय मास्तर, साळा चरायला सोडली का?"

"संगप्पा, पाय मळल्याबिगर..."

"पाय मळले ते दिसूनच राहिलं की. डोकं कवा उजळतंय तेवढं कळवा!"

"काका, आधी एक सीताफळ द्या," लुंबिनी म्हणायची, "मग कळवते."

नदीकडं जायला दोन वाटा होत्या. एक सरळ, दुसरी हायस्कूलच्या मागच्या भिंतीला वळसा घालून. लुंबिनी नेहमी वळशाची धरायची.

"इकडून कामून, बाई?"

"इकडं ओढ्याच्या काठाला खंड्याचं बीळ हाय, पप्पा."

पोरीला पाखरांचं वेड लागलं म्हणून तो खुश व्हायचा.

यंदा लुंबिनी चौदाची झाली. खीर वाटल्याच्या दुसऱ्या सकाळी दोघं निघाली, ती त्याच वाटेनं. ती भिंतीपाशी रेंगाळली, म्हणून आनंदराज एकटाच ओढ्यात उतरला. बिळाच्या तोंडाशी कोळ्याचं जुनं, धुळीनं भरलेलं जाळं होतं. खंड्या तिथून केव्हाच गेला होता.

तो मागं फिरला. लुंबिनी भिंतीला पाठ लावून उभी होती. वर वर्गाची खिडकी उघडी होती आणि आत बाई हजेरी घेत होत्या. एकेक नाव, एकेक उत्तर. मग बाईंनी पुकारलं, "स्वप्नाली." आतून उत्तर आलं नाही. "स्वप्नाली आली नाही का?"

भिंतीच्या बाहेर लुंबिनी हळूच म्हणाली, "हजर, बाई."

आनंदराज ओढ्याच्या काठावरच थांबला. कोंडाबाईचा ओटा, ते ऊन, ते पाढे सगळं एकदम त्याच्या अंगावर आलं. लुंबिनीनं मान वळवली, बापाला पाहिलं आणि ओढणी सारखी करू लागली.

"रोज ह्याच्यासाठी येत व्हतीस?"

तिनं मान डोलावली.

"लुंबे, मला सांगितलं कामून न्हाईस?"

"तुमी लई खुश असायचे, पप्पा." मग म्हणाली, "अन् तुमी कवा विचारलं बी न्हाई."

पानाच्या शिरा किती, पाणी कुणीकडून कुणीकडं वाहतं, सावली दुपारी आखूड का, सगळं विचारलं होतं त्यानं. तुला काय पाहिजे, एवढंच विचारायचं राहिलं होतं.

घरी येऊन तो आईपाशी बसला. "माय, माझं चुकलं."

कोंडाबाई तूर निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही. "मला कामून सांगून राहिला? तिला सांग."

त्यानं लेकीला विचारलं आणि तिला हायस्कूलात घेऊन गेला. हेडमास्तरांनी तिला वयाप्रमाणे नववीत घ्यायचं कबूल केलं. दार इतक्या सहज उघडलं, त्याचंच आनंदराजला जास्त लागलं. वर्ग मिळाला. पण मैत्रिणीच्या डब्यातली भाजी, कट्टी, चिडवाचिडवी, सहलीच्या गाडीत खिडकीसाठी भांडण, ही गेलेली वर्षं कुठल्या हेडमास्तरांनी द्यायची?

दिवाळीची सुट्टी संपली. रूपालीनं लेकीच्या दोन वेण्या रिबिनीनं बांधल्या. आनंदराज तिला पुढच्या रस्त्यानं फाटकापर्यंत घेऊन गेला. मागून काठी टेकत कोंडाबाई आली. ती शाळेच्या जुन्या ओट्यापाशी गेली, हातानं तो चाचपला आणि आज त्याच्यावर बसली.

"जाते, पप्पा."

"पाय..." त्यानं तोंड उघडलं. तिच्या पायांत नवे पांढरे बूट होते. त्यानं पुढचे शब्द गिळले. "जा बाई. उशीर व्हईल."

ती आत गेली. तो मागच्या भिंतीच्या वाटेला लागला. आत हजेरी सुरू झाली होती. लेकीचं नाव कानांनी ऐकावं म्हणून त्याचा पाय अडखळला, पण तो थांबला नाही.

तिचं नाव सगळ्यांत शेवटी आलं. "हजर, बाई," लुंबिनी म्हणाली आणि बसता बसता तिनं खिडकीबाहेर पाहिलं. तुरीच्या पिवळ्या फुलोऱ्यातून बाप एकटाच नदीकडं चालला होता. फुलोऱ्यात त्याचं डोकं दिसेनासं होईपर्यंत ती बघत राहिली.